घोड्याला पासपोर्ट आहे, आबा!

तीर्थरूप आबांना,
सूनबाईचा शिरसाष्टांग नमस्कार. न्यूमार्केटहून पत्र लिहिण्यास कारण की, आपले चिरंजीव घोडा घेत आहेत.

आपल्या नातीला उड्यांचा नाद लागलाय. घोड्यावर बसून आडव्या दांड्या ओलांडायच्या आणि एकही पाडायची नाही, असा हा खेळ. शर्यतीत मागं पडलेला तरुण थरोब्रेड मालक काढून टाकतो, तो त्या मानानं स्वस्तात मिळतो, हे तिनंच सांगितलं. ‘स्वस्त’ ऐकताच चिरंजीव जागचे उठले.

माळेगावच्या यात्रेत आपण त्यांना खांद्यावरून घोडे दाखवलेत. तेव्हापासून घोड्यातलं आपल्यालाच कळतं, ही त्यांची समजूत. पहिल्याच तबेल्यात त्यांनी भोवरे शोधले, मग जबडा उघडून दात पाहिले. मालकीणबाई म्हणाल्या, वय पासपोर्टात आहे. होय आबा, इथं घोड्याला पासपोर्ट लागतो, कातडीखाली चिपही. वय मात्र इथल्या सगळ्या थरोब्रेडांचं १ जानेवारीपासून मोजतात. आपल्या गुरुजींनी अख्ख्या वर्गाला १ जून ही जन्मतारीख दिली होती, तसंच.

घराणं तर विचारूच नका. १७९१ साली छापायला घेतलेलं जनरल स्टड बुक अजून चालू आहे. सगळ्यांचं पितृकूळ तीन घोड्यांपाशी जाऊन थांबतं: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. तिघेही पूर्वेकडून इंग्लंडात आलेले. ‘म्हणजे आमच्यासारखेच,’ असं चिरंजीवांनी सांगून पाहिलं. किंमत उतरली नाही. रुमालाखाली बोटं धरून सौदा करायचाही बेत होता. सूनबाईनं रुमाल काढूच दिला नाही. नशीब, टॅटरसॉल्सच्या घोड्यांच्या लिलावात गेले नाहीत. तिथं अजून गिनीत बोली लागते, म्हणजे पौंडामागं पाच पेन्स जादा.

मग डॉक्टर आणला, विकणाऱ्याचा नव्हे, आपला. त्यानं डोळे, छाती, खूर तपासले. एकेक पाय मुडपून मिनिटभर धरला आणि सोडताच घोडा दुडक्या चालीनं पळवला. लंगडला तर सांध्यात खोट असू शकते. थोडं रक्तही काढून घेतलं. ते सहा महिने जपून ठेवतात. दुखण्यावर औषध देऊन लंगडणं झाकल्याचा पुढं संशय आला, तर तपासता येतं.

दुखणं कळलं, स्वभाव कळायचा होता. शर्यतीच्या घोड्याचा लगाम ताणला की तो त्यावर रेलून आणखी जोरात धावतो. हे चिरंजीवांना ठाऊक नव्हतं. त्यांनी थांबवायला लगाम ओढला, घोड्यानं शर्यत सुरू केली. कुंपणापाशी घोडा थांबला. चिरंजीव थांबले नाहीत. त्या दिवशीची एकुलती एक उडी त्यांचीच. काळजी नसावी, पलीकडे शेणखताचा ढीग होता.

नात मात्र थरोब्रेडवरच ठाम आहे. टच ऑफ क्लास नावाची थरोब्रेड घोडी शर्यतीत एकदाही जिंकली नव्हती. तिनं १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जो फार्गिसला पाठीवर घेऊन ९१ पैकी ९० अडथळे बिनचूक पार केले आणि दोन सुवर्णपदकं मिळवून दिली. म्हणून तो पळपुटा सोडून दुसरा थरोब्रेड ठरवला आहे: पायानं निर्दोष, डोक्यानं शांत. शर्यतीत तो बहुतेकदा शेवटून पहिला. ते वाचून चिरंजीवांचा चेहरा पडला, नातीचा फुलला.

आपली,
सूनबाई

ता. क. किंमत कळवायला चिरंजीवांची सक्त मनाई आहे. पौंडाचा भाव आपण पेपरात बघताच, आणि उमरीतला जमिनीचा भावही आपल्याला तोंडपाठ आहे.