फ्रिजात झोपलेले विलायती कांदे

ऐकलं का? चामोर्शीत सध्या फ्रिजमध्ये कांदे झोपवतात. खायचे नव्हेत हो, फुलांचे. ट्यूलिपचे! एका घरी तर भाजीचा अख्खा कप्पा त्यांच्या नावावर झालाय, आणि वांगी-सांभार ओट्यावर सुकताहेत. सासूबाईंनी विचारलं, "हे काय वं बाई नवीन?" तर सूनबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. कंदांची झोपमोड होते म्हणे. हद्द झाली!

शास्त्र बघायला गेलं तर सूनबाई अगदीच चुकत नाहीत, हीच खरी पंचाईत. ट्यूलिप मूळचा मध्य आशियातल्या डोंगरांचा. १२ ते १६ आठवडे फ्रिजासारखी थंडी अंगी लागल्याशिवाय तो धड दांडा काढत नाही. हॉलंडात ऑक्टोबर-नोव्हेंबरात कंद पुरला की पुढचं हिवाळा बघून घेतो. आपल्याकडे ऑक्टोबरात काय? धान कापणीला आलेलं आणि मानेवर घाम. त्या तापल्या कुंडीत विलायती कंद कुजणार नाही तर काय! म्हणून फ्रिज. त्यात पिकलेली फळं शेजारी चालत नाहीत. त्यांच्या इथिलीन वायूनं कंदाच्या पोटातली कळी मरते. म्हणून दिवाळीला पाहुण्यांनी आणलेली सफरचंदं घराबाहेर. वीज गेली की सुतक. दिवाळी ते होळी सारी झाडीपट्टी रात्र-रात्र जागून नाटकं बघते आणि हे साहेबलोक कप्प्यात घोरतात!

ही लागण आली कुठून? माझा पहिला संशय १९८१ च्या 'सिलसिला'वर. पण त्यातल्या ट्यूलिपच्या शेतांत बागडणाऱ्यांपैकी कुणी कुंडी सांभाळत नव्हतं. मग २००७ साली श्रीनगरची ट्यूलिप बाग खुली झाली, दिल्लीतही फेब्रुवारीत रस्त्याकडेला ट्यूलिप दिसू लागले. दिल्लीचे कंद मात्र आधीच थंडी खाऊन नेदरलँड्सहून येतात आणि डिसेंबरात लागतात. फोटो पाठवणारे एवढं सांगत बसत नाहीत.

वेड तसं खानदानी आहे. १६३६-३७ च्या हिवाळ्यात हॉलंडात कंद जमिनीखाली आणि सौदे कागदावर, असा बाजार चालला होता. १६३७ च्या फेब्रुवारीत भाव धाडकन पडला. आमच्या आळीत अजून तेवढं झालेलं नाही. पण एका कंदाच्या पैशात किती धान येतं, याचा हिशेब पारावरच्या मंडळींनी केलाय, आणि सूनबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात केलाय.

तिकडे त्याच अंगणाच्या कोपऱ्यात आजेसासूबाईंच्या वेळची अ‍ॅमरिलिस पडून आहे. तिला फ्रिज नको, लाड नकोत. मार्गशीर्षात पाणी तोडा, पौष-माघात कंद नव्या मातीत बसवा, मान मातीबाहेर ठेवा, कोंब दिसेपर्यंत जेमतेम ओल द्या. मार्कंडादेवची महाशिवरात्रीची जत्रा उरकली की दांड्याची वाट बघा. चैत्राच्या आगेमागे लालभडक कर्णे वाजतात. फुटबॉल लिली तर हात न लावता मेअखेरीस उगवते. आणि जंगलातला कोळकांदा? ऐन उन्हाळ्यात, अंगावर पान नसताना, उघडाबोडका दांडा काढून फुलतो. लाजलज्जा म्हणून नाही! पण त्याला कुंडीत बोलावतो कोण?

अ‍ॅमरिलिसचा दोष एकच. "एक गड्डा दे वं" म्हटलं की शेजारीण फुकट देते. फुकटचं फूल स्टेटसला कोण ठेवणार?

तर गेल्या साली सूनबाईंचा एक ट्यूलिप खरंच फुलला. जानेवारीअखेरीस. सकाळी पेल्यासारखा मिटलेला, दुपारच्या उन्हात पाकळ्या पार फाकून मोकळा. आळी बघायला लोटली, चहा-चिवडा झाला, फूल आठवडाभरही टिकलं नाही. सासूबाई अजून चिवड्याचा खर्च काढतात. आणि आतली खबर सांगू? पुढच्या खेपेला केशराचे कंद येणार आहेत. त्यांना म्हणे एसी लागतो.