हवामान खाते, शाखा भिगवण

प्रत्येक गावात एक माणूस असा असतो, की पाऊस पडला तर तो त्यानेच पाडलेला असतो आणि नाही पडला तर ते त्याने आधीच सांगितलेलं असतं. आमच्या भिगवणात हे काम बापूंकडे आहे. बापू एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. नोकरीची पहिली काही वर्षं त्यांनी श्रीवर्धन आगारात काढली आणि तेवढ्या भांडवलावर उरलेलं आयुष्य समुद्रतज्ज्ञ म्हणून काढलं. इंदापूर तालुक्यात समुद्र पाहिलेली माणसं पुष्कळ आहेत, पण ती सहलीला जाऊन भेळ खाऊन आलेली. बापूंचा समुद्र पगारी होता.

एरवी या भांडवलाला इथं गिऱ्हाईक मिळालं नसतं. पण भीमेवर उजनीचं धरण झालं, १९८० साली ते पुरं झालं आणि त्याचं पाणी मागं पसरत पसरत आमच्या दारात आलं. पाण्यामागं मासे आले, माशांमागं होड्या आल्या आणि होड्यांमागं हिवाळ्यात करड्या पंखांचे, पांढऱ्या अंगाचे कुरव आले. कुरव म्हणजे समुद्राचा पक्षी, हे शाळेतल्या चित्रांतून सगळ्यांना ठाऊक. कोकणचा किनारा इथून सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटरच्या पुढं, मधे सह्याद्री आडवा. मग हे इथं कसे? हा प्रश्न गावाला पडलाच नव्हता. बापूंनी आधी उत्तर दिलं, मग गावाला प्रश्न पडला.

उत्तर असं होतं : समुद्रात गडबड आहे.

हायवेवरच्या हॉटेलात सकाळचा पहिला चहा झाला की खातं उघडतं. "आज कुरव समदे उगवतीकडं तोंड करून बसल्यात," बापू बशीत बघत सांगतात.

"मग?"

"मग काय? बघ तू."

'बघ तू' हा बापूंचा संपूर्ण अंदाज. त्यात तारीख नसते, ठिकाण नसतं, मिलिमीटर तर नसतातच. महिन्याभरात नाशकाला गारा पडल्या, मराठवाड्यात अवकाळी झाली किंवा चुलतभावाच्या शेततळ्याचा कागद वाऱ्याने उडाला, की बापू त्याच खुर्चीत बसून विचारतात, "म्हटलं नव्हतं?" आणि ते खरंच काहीतरी म्हटलेले असतात.

कुरव वाऱ्याकडे तोंड करून बसतो, कारण पाठीकडून वारा आला तर पिसं विस्कटतात. तेव्हा वारा कुठून येतोय हे त्याच्याकडे पाहून बिनचूक कळतं. ते बापूंच्या उपरण्याच्या टोकाकडे पाहूनही कळतं. पण उपरण्याला पंख नाहीत, आणि बापूंच्या शास्त्रात पंखाशिवाय पुरावा नाही. नक्षत्रांच्या वाहनांवर त्यांचा विश्वास आहे. राग एवढाच की पंचांगवाल्यांनी मृगाला, आर्द्राला बेडूक, उंदीर, म्हैस, गाढव सगळं दिलं, मोरसुद्धा दिला, पण कुरव एकालाही दिला नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला धडकलं, तेव्हा बापूंना तो व्यक्तिगत निरोपच वाटला. त्यांच्या जुन्या आगाराच्या गावात वादळ यावं आणि त्यांना कळू नये?

"वसंतात कुरव एकदम गेले, तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली हुती," त्यांनी जाहीर केलं.

कुंभारगावचा एक पोरगा पर्यटकांना होडीतून फिरवतो. लांब नळीचे कॅमेरेवाले येऊन येऊन त्याला पक्ष्यांची नावं इतकी पाठ झाली आहेत, की तो 'पॅलासेस गल' असं काही म्हणतो की ऐकणाऱ्याला वाटावं, आईस्क्रीमची ऑर्डर देतोय. तो म्हणाला, "बापू, कुरव दरवर्षी मार्च-एप्रिलातच जात्यात. अंडी घालायला."

"जात्यात ना दरवर्षी? आणि वादळ दरवर्षी येतं का?"

"न्हाई."

"मग या वर्षीच्या जाण्यात कायतरी येगळं हुतं का न्हाई?"

पोरगा गप्प बसला. त्या युक्तिवादाला शिरायला फटच नव्हती.

पण त्यानेच पुढे घाव घातला. आमच्याकडे थव्यांनी येणारा कुरव बहुतांशी तपकिरी डोक्याचा. हिवाळ्यात त्याचं तपकिरी डोकं पांढरं होतं आणि कानामागे फक्त एक ठिपका उरतो. मार्चच्या सुमारास रंग परत चढू लागतो, तेव्हा तो निघायच्या तयारीत असतो. जातो कुठं? लडाखला, तिबेटला. तिथं चार हजार मीटरपेक्षा उंच सरोवरांच्या काठी त्याची घरटी असतात. पॅलासचा थोराड कुरव त्याहून पलीकडचा, मध्य आशियातल्या तळ्यांचा. हिवाळ्यात यांतले पुष्कळजण किनाऱ्यावर उतरतात हे खरं, पण जन्माने ते समुद्राचे नव्हेतच. पोरग्याने हे सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "बापू, ह्यातल्या कितीकांनी समुद्र बघितलाबी नसंल."

हॉटेलात शांतता पसरली. ज्या पक्ष्याच्या जिवावर बापूंनी समुद्र विकला, त्याच्यापेक्षा बापूंचाच समुद्राचा अनुभव जास्त निघाला. बापू चहा अर्धा टाकून उठले. थोडे दिवस खातं बंद राहिलं. मग एका सकाळी ते आले ते नव्या सिद्धांतासकट.

"लडाख कुठं हाय? हिमालयात. हिमालयातनं काय येतं? थंडी. म्हंजे कुरव आला की थंडी आली. हरभरा चांगला, द्राक्षं धोक्यात."

"मग वादळाचं काय?"

"ते हायच की. ते कुठं गेलं?"

अशा रीतीने एका खात्याची दोन खाती झाली.

समुद्रावरचे पक्षी वादळात खरोखर भरकटतात. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा जोरात असला की मास्क्ड बूबीसारखे खोल समुद्रातले पक्षी मुंबईच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर थकून पडलेले सापडतात, आणि चक्रीवादळांनी शेकडो किलोमीटर आत फेकलेल्या पक्ष्यांच्या नोंदी जगभर आहेत. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातेत गेलं, तेव्हा बापूंनी हे पेपरात वाचलं आणि स्वतःच्या वाटणीच्या पक्ष्याची वाट बघत बसले. तो मिळाला. उसाच्या सरीत एक करडा-पांढरा पक्षी बसलेला दिसला. बापूंनी तो पाटीखाली झाकून, वर उपरणं टाकून हॉटेलात आणला.

"तौक्तेचा पक्षी," ते म्हणाले. "घाट वलांडून आलाय. पाणी पाजा त्याला."

होडीवाल्या पोराने पाटी किलकिली केली. पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली शेपटी. "बापू, ह्यो नदी सुरय. बारा महिने इथलाच. समोरच्या बेटावर ह्याची अंडी असतील." उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या बेटांवर सुरय अंडी घालतात, हे इथल्या प्रत्येक होडीवाल्याला माहीत आहे. तेवढ्यात पक्ष्याने बापूंच्या बोटाला चोच मारली, फडफडला, आणि सरळ समोरच्या बेटाकडे निघून गेला.

बापू बोट चोखत बघत राहिले. "बघितलं? समुद्राकडं गेला न्हाई. म्हंजे तिकडं अजून वादळ हाय."

अलीकडे मात्र बापूंना हसणं अवघड होऊन बसलं आहे, कारण हवामानच बापूंसारखं वागू लागलंय. पुण्याच्या शिवाजीनगरात ज्याला लोक अजून शिमला ऑफिस म्हणतात, त्या हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या तारखा नव्याने ठरवल्या. वायव्य भारतातून परतीचा पाऊस सुरू होण्याची तारीख पूर्वी १ सप्टेंबर होती, ती आता १७ सप्टेंबर झाली. बापू त्यावर म्हणाले, "एवढ्या मोठ्या खात्यानं सुधारणा केली. मला तर कवा करावीच लागली न्हाई." मग २०२५ साली पाऊस केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेला हजर झाला. आमच्या बेटांवर तेव्हा सुरयांचा हंगाम पुरता उरकलाही नसेल, आणि कुरव तर केव्हाचे लडाखला. बापूंकडे पुरावा म्हणून एक पीसही नव्हतं. पण ते डगमगले नाहीत. "गाडी टायमाच्या आधी सुटली, तर त्यात कंडक्टरची चूक कशी?"

रोहित पक्ष्यांचंही तेच. पाणी उतरून चिखलाची दलदल उघडी पडली की रोहित येतात. धरण काठोकाठ राहिलं तर त्यांना उभं राहायला जागाच नसते आणि ते लांबतात. परतीचा पाऊस रेंगाळला की हिवाळ्यातले पर्यटक काठावर येऊन रिकामं पाणी बघतात आणि बापूंना विचारतात, "काका, फ्लेमिंगो कधी?"

"क्यान्सल न्हाई," बापू घड्याळ बघून सांगतात. "लेट हाय."

कावळ्याचे जुने ठोकताळेही बापूंनी सोडलेले नाहीत. कावळ्याने आंब्यावर घरटं केलं तर पाऊस चांगला, काटेरी झाडावर केलं तर दुष्काळ. असे संकेत मारुती चितमपल्लींनीही टिपून ठेवले, आणि चितमपल्ली सोलापूरचे, म्हणजे बापूंच्या मते शेजारच्याच विभागाचे. पण आमच्या भागातली रस्त्याकडेची झाडं रस्तारुंदीत गेली आणि कावळ्याने घरटं मोबाइलच्या टॉवरवर बांधलं. याचा अर्थ कुठल्याच जाणकाराने सांगून ठेवलेला नाही. बापूंनी मान वर करून बराच वेळ पाहिलं.

"पाऊस रेंजसारखा येणार. आला तर फुल्ल, न्हाई तर न्हाईच."

त्या वर्षी तसाच पडला, हे मला नाइलाजाने नोंदवावं लागतं. हल्ली तो बहुतेक वर्षी तसाच पडतो.

एकदा मी त्यांना स्पष्टच विचारलं, की तुमचा एखादा अंदाज चुकला असं तुम्हाला कधीच का वाटत नाही? त्यांनी उजनीकडे हात केला. ११७ टीएमसीचं धरण, त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्यात. वापरायचं संपलं की पेपरात येतं, उजनी वजा अमुक टक्के. "धरण शून्याच्या खाली जाऊनबी त्यात पाणी असतं," बापू म्हणाले. "मग अंदाज चुकूनबी त्यात खरं असायला काय हरकत हाय?"

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून एक विद्यार्थिनी आली. पक्ष्यांच्या येण्याजाण्याच्या तारखा बदलताहेत का, हा तिचा विषय. होडीवाल्या पोराने तिला सांगितलं की बापूंकडे कितीतरी वर्षांच्या वह्या आहेत. खरोखरच होत्या. कंडक्टरने वेबिल लिहावं तशा काटेकोर, निळ्या शाईत : तारीख, वार, वारा कुठला, कुरव किती, कुठं उतरले. आणि प्रत्येक नोंदीपुढे तांबड्या शाईत, काही महिन्यांनी, काय झालं ते कळल्यावर भरलेला अंदाज. 'म्हणजे अवकाळी.' 'म्हणजे वादळ, निसर्ग नावाचे.' 'म्हणजे कांदा पडणार.'

मुलगी हरखली. ओट्यावर बसून तिने वह्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. बापू शेजारी बसून पाहत होते. पान उलटताना त्यांच्या लक्षात आलं.

"पोरी, तांबडं सोडतीस का गं?"

"बापू, मला फक्त तारखा हव्यात. तांबडं नंतरचं आहे ना."

"अगं, निळं कुणीबी लिहील! पक्षी आला, आला म्हणून लिहिलं. त्याला काय अक्कल लागती? समदी अक्कल तांबड्यात हाय."

मुलीला काय बोलावं सुचेना. तिने मुकाट्याने मोबाइल काढला आणि तांबड्याचेही फोटो घेतले. बापूंचा चेहरा खुलला. तिला चिलापीचं कालवण घालून, एसटीत बसवून, सुट्टे पैसे जवळ ठेव असं बजावून ते परत आले आणि वही उघडून निळ्या शाईत लिहायला बसले : 'पुण्याची विद्यार्थिनी आली. एकच. सायंकाळी पश्चिमेकडे गेली.'

मी पुढची मोकळी जागा दाखवून विचारलं, "बापू, याचा अर्थ काय?"

"इतक्यात कसं सांगू?" बापू तांबड्या पेनाला टोपण घालत म्हणाले. "पाऊस तर होऊ दे आधी."