प्रवाळपंत

परदेशातल्या मराठी माणसाला चाळिशीत काहीतरी होतं. कुणी मॅरेथॉन धावायला लागतो, कुणी हौशी नाटकात शिरतो, कुणी घरच्या घरी पाव भाजतो. एक जात मात्र तळघरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवते आणि त्यात पोवळी वाढवते. न्यू जर्सीत एडिसनपासून प्रिन्स्टनपर्यंत कुठल्याही फराळाला जा, असा एक गृहस्थ भेटतोच. आम्ही आमच्याला प्रवाळपंत म्हणतो. अर्थात तोंडावर नाही.

पंतांकडे गेल्यावर ‘मासे किती आहेत?’ हा प्रश्न विचारू नये. गवयाला तबला कुठून घेतलात असं विचारल्यासारखा त्यांचा चेहरा होतो. मासे दोन आहेत आणि ते पंतांच्या खिजगणतीत नाहीत. त्यांचा जीव पाण्यात अडकलाय. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः विरघळलेलं बायकार्बोनेट, असते सात डीकेएचच्या आसपास. दगडी पोवळी हे दोन्ही पाण्यातून उचलून आपला सांगाडा बांधतात. समुद्राला त्याची झळ लागत नाही, पण ७५ गॅलनच्या टाकीतला साठा आटतो. तो भरून काढायचा कसा, यावर पंत गेली काही वर्षं विचार करताहेत. नुसताच विचार.

एरवी निर्णय घेण्यात माणूस वाघ आहे. घर एका दुपारी पसंत केलं. पण इथे पंथ पडले तीन, आणि पंतांची दीक्षा तिन्ही पंथांची झाली.

पहिला पंथ चुन्याचा. शुद्ध पाण्यात चुना ढवळायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी रात्रभर थेंबथेंब टाकीत सोडायचं. रात्री अशासाठी, की तेव्हा टाकीचा पीएच उतरलेला असतो आणि चुन्याच्या पाण्याचा असतो बाराच्या वर. हात सैल सुटला तर सकाळी मासे उलटे. पंत हे बादलीभर प्रकरण रवी घेऊन ढवळत होते, तेव्हा सांगलीहून आलेल्या सासूबाई जिन्यात थबकल्या.

“अहो जावईबापू, ही तर चुन्याची निवळी! आम्ही पोरांना द्यायचो.”

“पीएच बघायचात का आई?”

“पोरं बघायचो.”

पंतांनी पंथ सोडला तो मात्र सासूबाईंमुळे नव्हे. चुना लिटरला दोन ग्रॅमही विरघळत नाही आणि टाकीतून जेवढं पाणी उडून जातं तेवढंच नवं घालता येतं. म्हणजे बाष्पीभवन होईल तितकाच पुरवठा. उद्या टाकी पोवळ्यांनी गच्च भरली तर? टाकी तेव्हा जवळजवळ रिकामी होती, पण इंजिनिअर माणूस, क्षमता पुढची धरतो.

दुसरा पंथ दोन बाटल्यांचा. एकीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत सोडा. दोन्ही एकाच वेळी एकाच जागी ओतायच्या नाहीत, नाहीतर तिथल्या तिथे पांढरा गाळ होऊन सगळं फुकट. रँडी होम्स-फार्ली नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं या बाटल्या घरी बनवायची कृती लिहून ठेवली आहे, आणि पंत ती रामरक्षेसारखी म्हणतात. खायचा सोडा ट्रेमध्ये पसरून ३०० अंश फॅरनहाइटला तासभर भाजायचा, की त्याचा धुण्याचा सोडा होतो. वहिनींनी दिवाळीच्या तोंडावर ओव्हन उघडला, तो आत नानखटाईऐवजी हा ऐवज. कॅल्शियम क्लोराइड तर ड्राइव्हवेवरचा बर्फ वितळवायला गोणीनं मिळतं. पंतांनी शुद्ध बघून एक गोणी आणली. त्या हिवाळ्यात सबंध गल्लीचे ड्राइव्हवे मोकळे होते, पंतांच्या दारात बर्फाचा चकचकीत थर, आणि गोणी तळघरात सुखरूप. पोस्टमननं लांबूनच हात केला.

तिसरा पंथ रिअ‍ॅक्टरचा. नळकांड्यात मेलेल्या पोवळ्यांचे तुकडे भरायचे, आतल्या पाण्यात कार्बन डायॉक्साइडचे बुडबुडे सोडायचे. पाणी आम्लधर्मी होतं, पीएच साडेसहाच्या आसपास उतरतो, तुकडे विरघळतात आणि कॅल्शियम व अल्कलिनिटी हव्या त्या प्रमाणात एकदम बाहेर पडतात. पूर्वजांची हाडं नातवंडांच्या कामी! मला स्वतःला ही युक्ती फार आवडते. पंतांनाही आवडली. त्यांनी सिलिंडर, रेग्युलेटर, बुडबुडे मोजायची कुपी असं सगळं आणलं. मग कुठेसं वाचलं, की उरलेला वायू टाकीचा पीएच पाडतो, म्हणून पुष्कळ लोक जोडीला चुन्याचं पाणी घालतात. म्हणजे पुन्हा पहिला पंथ. खोकी अजून बंद आहेत.

दरम्यान चाचण्या चालूच. परीक्षानळीत थेंब टाकत पंत उभे असतात, निळा रंग कधी बदलतो त्याकडे डोळे लावून. काल अल्कलिनिटीचा आकडा ८.१ होता, आज ८.३. चाचणीच्या संचाची चूकच साधारण तेवढी असते हे त्यांना ठाऊक आहे. तरी त्या दिवशी जेवण जात नाही.

परवा लेकीनं विचारलं. शाळेत रसायनशास्त्र घेतलंय तिनं.

“बाबा, पण रोज खर्च किती होतं?”

पंत गप्प. खरं तर सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हाच. दोघांनी मिळून अल्कलिनिटी मोजली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजली. मग आठवडाभर. आकडा जागचा हलेना. हलेल कसा? टाकीत सगळी मऊ पोवळी. दगडी सांगाडा बांधायची त्यांना हौसच नाही. मिठाच्या मिश्रणात कॅल्शियम असतंच. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की त्यांचं भागतं. आणि ते पाणी तर वहिनी पहिल्यापासून बदलत आल्या आहेत.

“म्हणजे काहीच नको,” लेक म्हणाली.

पंत दोन दिवस उदास होते. शनिवारी मात्र दुकानातून परतले ते प्लास्टिकच्या पिशवीत अ‍ॅक्रोपोराचे चार तुकडे घेऊन. दगडी, आणि खायला बकासुर.

“आता होईल खप,” वहिनींना पिशवी दाखवत ते म्हणाले. “फक्त याला उजेड फार लागतो. दिवे बदलावे लागतील.”

दिव्यांचेही प्रकार तीन आहेत.