छप्पर गाडीचं फाटलं, घराचं नव्हे

अ‍ॅबिंग्डन, रविवार

ती. आईंना सा. न. वि. वि.

आधी मुद्द्याचं. फाटलं ते गाडीचं छप्पर. घराची कौलं जागच्या जागी आहेत आणि आम्ही कुणीही ताडपत्रीखाली झोपत नाही. मिलिंदने "छप्पर फाटलंय, पाणी आत येतं, सध्या ताडपत्री टाकलीय" एवढं सांगावं आणि नेमका तिथेच फोन कट व्हावा, हे त्याच्या नशिबाला धरूनच झालं. पण तुम्ही ते कुसुममावशींना सांगितलंत, म्हणजे आळीला सांगितलंत. काल रात्री विश्वासभाऊजींचा निरोप: "वहिनी, पैशांची अडचण असेल तर संकोच करू नका." विश्वासभाऊजींचा! आमच्या लग्नातल्या बँडचे अर्धे पैसे ज्यांच्याकडून यायचेत, त्यांचा!

कुकर लावलाय. शिट्ट्या होईपर्यंत जेवढं होईल तेवढं लिहिते.

गाडी म्हणजे रोजची नव्हे. ती बिचारी निमूट उभी असते. ही ती हळदी रंगाची, १९७२ सालची एमजीबी, जी तुमचे चिरंजीव "नुसती बघून येतो" म्हणून गेले आणि घेऊन आले. याच गावातली आहे ती. एमजीचा कारखाना १९२९ पासून इथे अ‍ॅबिंग्डनला होता, १९८० मध्ये बंद झाला. या एकाच मॉडेलच्या पाच लाखांवर गाड्या निघाल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. उघड्या टपाची गाडी बनवायची पावसाच्या देशात आणि विकायची उन्हाच्या देशात, एवढा व्यवहार इंग्रजांना कळतो. मागे राहिल्या त्यांपैकी एक आमच्या दारात आली.

टप काळ्या रेक्झिनचा. मागची काच ही काच नव्हेच, जाड प्लॅस्टिक. ते इतकं पिवळं पडलं होतं की मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला कावीळ झाल्यासारखी दिसायची. थंडीत टपाची घडी घातली की हे प्लॅस्टिक तडकतं आणि ओल्या टपाची घातली तर बुरशी धरते. आधीच्या मालकाने दोन्ही प्रयोग करून पाहिले असावेत. या हिवाळ्यात वरची शिवणही उसवली आणि पाण्याची धार बरोबर ड्रायव्हरच्या उजव्या खांद्यावर. मिलिंद खांद्यावर पंचा टाकून गाडी चालवायचा. इथल्या लोकांना वाटायचं, आमच्यात तशी पद्धत आहे.

आता भाव सांगते. बसून वाचा. जवळच्या एका हूडवाल्याने दोन फेऱ्या मारल्या, दात टोकरावेत तसं टपाचं टोक उचलून पाहिलं आणि कागदावर आकडे मांडले. ज्याला इथे मोहेअर म्हणतात त्या कापडाचा, मध्ये रबराचा थर असलेला, शिवून तयार टप: ४८० पौंड. मला वाटलं, महाग आहे, पण निदान बसवून मिळेल. छे. बसवायचे ४५० निराळे. त्या दोन्हींवर २० टक्के कर. मी तिथल्या तिथे बेरीज केली, १,११६ पौंड! आपले सव्वा लाखाच्या वर. एवढ्यात नाना पेठेतला सीट कव्हरवाला टप, सीटा, दारांची अस्तरं आणि वर तुमच्या दिवाणाची खोळ शिवून, आपल्यालाच चहा पाजून पाठवेल. आणि हा गृहस्थ जाता जाता म्हणतो, आतले पट्टे कुजलेले निघाले तर ते काम वेगळं, आणि तारीख सहा आठवड्यांनंतरची. मी त्याला बिस्किटंसुद्धा दिली होती.

मग काय, रेक्झिनचाच टप मागवला, २६० पौंडांत, आणि बसवायचं घरी ठरलं. ठरलं म्हणजे मिलिंदने ठरवलं आणि आम्हाला कळवलं.

(शिट्ट्या झाल्या. मधे जेवणं झाली. ओंकार तुमच्या मेतकुटाचा डबा सूपसारखा संपवतोय, त्याला फोनवर दटावा. मेधाच्या शिवणक्लासला वीस जणी झाल्या हे ऐकून छान वाटलं; इथे असती तर तिने त्या ४५० पौंडांत क्लासची माडी बांधली असती. सुषमाच्या मुलीच्या लग्नात जिलबीऐवजी चॉकलेटचं कारंजं होतं आणि तुम्ही उपाशी परतलात, हे मात्र मला पूर्ण पटलं नाही. तुम्ही मसालेभात दोनदा घेतलात असं मावशी म्हणाल्या. आणि जोशांनी भिंत आपल्या हद्दीत घातली असेल तर भांडू नका, मोजणी मागवा.)

एक गंमत तुम्हाला सांगायचीच राहिली. इथे ४० वर्षांपुढच्या गाडीला रस्ताकर माफ असतो. पण माफ आहे म्हणून गप्प बसायचं नाही. दरवर्षी रीतसर अर्ज करून शून्य पौंड कर भरायचा. विसरलात तर दंड, आणि दंड शून्य नसतो. गाडी दुरुस्तीला काढून दारात ठेवायची आणि करही भरायचा नाही म्हणालात, तर "गाडी रस्त्यावर नाही" हेही सरकारला कळवायचं. म्हणजे काही देणं नाही आणि काही चालवणं नाही, याचाही कागद हवाच. वर सक्तीची वार्षिक तपासणीही २०१८ पासून अशा म्हाताऱ्या गाड्यांना माफ. आमची रोजची गाडी दरवर्षी वर उचलून ठोकून बघतात, आणि जिच्या छपरातून ढग दिसतात तिला म्हणतात, तुमचं तुम्ही बघा. तिकडे पंधरा वर्षं झाल्यावर आपली हेरल्ड गाडी पुन्हा पास करून घ्यायला नानांनी आरटीओत किती चपला झिजवल्या होत्या! इथला कायदा ऐकून ते साहेबाच्या बाजूने झाले असते, निदान संध्याकाळच्या चहापर्यंत.

तर टप. शेजारचे म्हातारबुवा तरुणपणी याच कारखान्यात होते. ते आपली खुर्ची घेऊन आले आणि दिवसभर उठले नाहीत. त्यांनी नव्या टपाला हातच लावू दिला नाही. आधी आतल्या लोखंडी कमानी बघा म्हणाले. त्या रुंद पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. पट्टे सैल पडले की कमानी पुढेमागे सरकतात आणि मग वर रेशमाचा टप घाला, बसायचा नाही. आमचे पट्टे हात लावताच भुगा झाले. ते बदलले, मग पुढच्या पट्टीचे रिव्हेट ड्रिलने उडवले, मग पन्नास वर्षांचं सोल्युशन खरवडलं. हे शेवटचं काम ओंकारकडे होतं. त्याला इंजिनिअर व्हायचं नाही असं त्याने त्याच दुपारी जाहीर केलं.

पुढचं काम उन्हातच करायचं, कारण गारठ्यात रेक्झिन आखडतं आणि ताणलं जात नाही. ऊन! इथे! दोन शनिवार आम्ही टप दिवाणखान्यात अंथरून आभाळाकडे बघत बसलो. शेवटी ऊन पडलं. काचा वर, दारं बंद, मागची पट्टी खोबणीत बसवली, टप आणि गाडी दोन्हींवर मधोमध खडूने खूण केली आणि दोन्ही बाजूंनी पुढे ओढायला सुरुवात झाली. बाप डावीकडे, लेक उजवीकडे. प्रत्येकाचं म्हणणं, दुसरा जास्त ओढतोय. मी मधे, केस वाळवायचं यंत्र घेऊन रेक्झिनला ऊब देत होते.

सोल्युशन दोन्हीकडे लावून सुकत ठेवायचं आणि मग एकदाच चिकटवायचं. एकदा टेकलं की पुन्हा उचलता येत नाही. म्हातारबुवा म्हणाले, खडूच्या रेषेपेक्षा बोटभर जास्त ओढून घ्या, म्हणजे खटके लावताना ताण येतो. मिलिंदने बोटभर ऐकलं आणि केलं दोन बोटं. मग खटके लागेनात. दोघं वर लोंबकळले तरी नाही. बुवांनी शांतपणे चहा संपवला आणि म्हणाले, खटके अर्धे लावून उन्हात सोडून द्या, ते ताणेल. संध्याकाळी खटकन लागले. अजून काही आठवडे टप खाली पाडायचा नाही, असा हुकूम आहे. म्हणजे उघड्या टपाची गाडी घेतली आणि टप उघडायला बंदी.

त्या चहाच्या वेळी बुवा सहज बोलले, की घडी पडणाऱ्या टपाचा हा सांगाडा मिकेलोत्ती नावाच्या ट्युरिनच्या माणसाचा, ट्रायम्फ हेरल्ड ज्याने रेखली तोच. आई, तुमचा मुलगा झोपेतही बोलतो, पण तेव्हा गप्प झाला. मग खिशातून फोन काढला आणि त्यांना तो फोटो दाखवला. हेरल्डचं बॉनेट सबंध पुढे उलटलेलं, आत चाकावर बसलेले हा आणि प्रकाशभाऊजी, मागे पाना घेतलेले नाना. मद्रासला १९६१ पासून बनू लागलेली आपली स्टँडर्ड हेरल्ड, त्याने समजावलं. खंबाटकी घाटातला तिचा किस्साही सांगितला, पूर्ण, पाण्याच्या बाटलीसकट. बुवांनी विचारलं, अजून चालते का? मिलिंद म्हणाला, हो, चालते.

मी काही बोलले नाही. तिच्यात गेली किती वर्षं तुमच्या मांजरीची बाळंतपणं होतात, हे बुवांना कशाला सांगू? उन्हात सोल्युशनचा वास भरून राहिला होता आणि मिलिंद म्हणाला, नाना पेठेत गाडी सोडून नानांनी आम्हाला उसाचा रस पाजला होता, तेव्हाही असाच वास होता. मग भांडी घासायला न सांगता गेला. यावरून तुम्हीच काय ते समजा.

म्हणून आता कामाचं. प्रकाशभाऊजींची नवी गाडी मोठी आहे आणि अंगण लहान आहे, हे मला समजतं. भंगारवाला चांगला भाव देतोय हेही मेधाने कळवलं. पण दिवाळीपर्यंत हेरल्ड हलवू देऊ नका. तिकिटं काढली आहेत. भाऊजींना सांगा, तोवर त्यांची गाडी जोशांच्या नव्या भिंतीला चिकटून लावा. मोजणीवाले येतील तेव्हा उपयोगी पडेल.

गुडघ्याला तेल लावत जा. मसालेभात दोनदाच घ्या.

तुमची,
स्वाती

ता. क. मिलिंद मागून वाकून वाचतोय. हेरल्डच्या मागच्या काचेच्या रबराचा घेर दोऱ्याने मोजून कळवा म्हणतो. नवं इथे मिळतं. भाव मी विचारलेला नाही.