प्लास्टिकला पन्नास टक्के घसारा

अपघात झालेल्या गाड्या तपासून नुकसानीचा अंदाज काढायचा, हा माझा धंदा. मी विम्याचा सर्व्हेअर. आमच्या शास्त्रात काचेला घसारा शून्य, फायबरला ३० टक्के आणि रबर, नायलॉन, प्लास्टिकला सरसकट ५० टक्के. गाडी कालच शोरूममधून निघालेली असली तरी बंपर अर्ध्या किमतीचा. प्लास्टिकला असं तुच्छ लेखून पोट भरणाऱ्या माणसाने घरी काय जमवावं? प्लास्टिकची अंतराळयानं. तीही खरी उडालेली नव्हेत, सिनेमा-मालिकांत उडाल्यासारखी दाखवलेली. बोटभर, वीतभर, स्टँडवर टेकवलेली.

दोष दूरदर्शनचा. ऐंशीच्या दशकात तिथे ‘स्टार ट्रेक’ लागायचं आणि त्यातली बशीला दोन नळकांडी जोडलेली ‘एंटरप्राइज’ मला हवी होती. पगार सुरू झाल्यावर ती आणली. मग तिला सोबत म्हणून ‘स्टार वॉर्स’मधलं एक्स-विंग आणलं, त्याला शत्रू हवा म्हणून स्टार डिस्ट्रॉयर. पुढे पुस्तकांचं कपाट गेलं आणि पुस्तकं पलंगाखाली गेली.

बायकोने खर्चाचा विषय काढला की मी ऑक्टोबर २०२३चा लिलाव सांगतो. ग्रेग जीन हा हॉलिवूडचा नामांकित मॉडेलकार. तो गेल्यावर त्याच्या गॅरेजमधल्या खोक्यात १९७७च्या सिनेमासाठी बनवलेलं एक्स-विंग निघालं आणि ३१ लाख ३५ हजार डॉलरला, म्हणजे सुमारे २६ कोटी रुपयांना विकलं गेलं. “प्लास्टिक चढतं,” मी म्हणतो.

“ते सिनेमात होतं,” ती म्हणते. “आपलं कुठे होतं?”

आपलं पलंगावरच्या कपाटात होतं, हे उत्तर लिलावात चालत नाही.

तरीही धंद्याची सवय जात नाही. मी प्रत्येक यानाची नोंदवहीत तपासणी करू लागलो. व्हर्निअर कॅलिपरने लांबी, भिंगाखाली रंगाची कड, साच्याची रेषा, सांध्यातली फट, आणि शेवटी दहापैकी गुण. आजवर कुणालाही साताच्या वर दिलेले नाहीत. इतक्या कठोरपणे मी गाड्या तपासल्या असत्या, तर कंपनीने मला डोक्यावर घेतलं असतं.

अडचण एवढीच, की मुळाबरहुकूम आहे का हे ठरवायचं तर मूळ बघावं लागतं, आणि मूळ बघितलं की हात टेकावे लागतात. ‘एंटरप्राइज’चं चित्रीकरणातलं मोठं मॉडेल साधारण ३.४ मीटर लांब, बरंचसं लाकडी. १९७४मध्ये ते स्मिथसोनियनकडे गेलं, आज वॉशिंग्टनच्या हवाई-अंतराळ संग्रहालयात आहे. त्याची उजवी बाजू देखणी. डावीकडून दिव्यांच्या वायरी आत जायच्या, म्हणून ती बाजू कुणी नीट सजवलीच नाही. माझ्या मॉडेलच्या दोन्ही बाजू सारख्या सुबक. वहीत नोंद आहे: ‘डावी बाजू मुळापेक्षा चांगली. दोन गुण वजा.’

‘स्टार वॉर्स’वाले तर आणखी पुढचे. त्यांनी बाजारातले रणगाड्यांचे, विमानांचे, युद्धनौकांचे प्लास्टिकचे किट आणून फोडले आणि त्यांचे तुकडे यानांच्या अंगावर चिकटवले. या निरुद्योगी तुकड्यांना ग्रीबली म्हणतात. त्यांचं काम एकच, काहीतरी काम करत असल्यासारखं दिसणं. (सरकारी कार्यालयात मला त्यांची हटकून आठवण येते.) मिलेनियम फाल्कनच्या एका ग्रीबलीची जागा चुकली म्हणून मी अर्धा गुण कापला होता. मूळ माणसाने ती हाताला येईल तिथे चिकटवली असणार.

पण मला खरं बुडवलं ते प्रमाणाने. सिनेमातलं एक्स-विंग साडेबारा मीटरचं, स्टार डिस्ट्रॉयर १,६०० मीटरचा. माझ्या कपाटात दोघं सारख्याच लांबीचे. या धंद्यात याला बॉक्स स्केल म्हणतात. यान कितीही मोठं असो, खोक्यात मावलं पाहिजे. एका रविवारी मी ठरवलं, हा अन्याय संपवायचा, सगळा ताफा एकाच प्रमाणात. २०१२मध्ये निघालेल्या एक्स-विंगच्या पटावरच्या खेळात १:२७० हे प्रमाण वापरलंय. त्यात एक्स-विंग होतं ४.६ सेंटिमीटरचं, सुरेख. आणि स्टार डिस्ट्रॉयर होतो ५.९ मीटरचा. आमचा हॉल चौदा फूट. म्हणजे नाकाची पाचेक फुटं शेजारच्यांच्या देवघरात.

मग उलटी बाजू धरली. माझा स्टार डिस्ट्रॉयर १६ सेंटिमीटर, म्हणजे १:१०,०००. या प्रमाणात एक्स-विंग सव्वा मिलिमीटरचं. व्हर्निअर घेऊन स्वयंपाकघरात गेलो. मोहरी! जेमतेम ३५ मीटरचा फाल्कन साडेतीन मिलिमीटर, तोही चपटा, वाटोळा. बारीक मसूर! दोन्ही टाचणीच्या टोकावर चिकटवले, खाली चिठ्ठ्या लावल्या. मोहरीला मी साडेसात गुण दिले. साच्याची रेषा कुठेच नव्हती.

अशा सुस्थितीत दसरा आला. आईने स्कूटरची पूजा केली, गाडीची केली आणि ताट घेऊन ती कपाटाकडे वळली. मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर येईतो प्रत्येक यानावर हळदीकुंकवाची बोटं, वर अक्षता, कडेला झेंडू.

“आई, हे काय?”

“वाहनं ना ती? मग पूजा नको? फक्त लिंबू कशाखाली ठेवायचं ते कळेना. मेल्यांना चाकंच नाहीत.”

रंगांधळा माणूससुद्धा सांगेल की करड्या डिस्ट्रॉयरवर हळद शोभत नाही. साबणाचं पाणी घेतलं, घासलं. हळद लालभडक झाली. मी किंचाळलो. मुलगी आली, बघितलं आणि शिक्षिकेच्या सुरात म्हणाली, “बाबा, हळद दर्शक आहे. साबणाने लालच होते. लिंबू पिळा.” लिंबू हाताशी होतंच. पिळलं, तर डाग पुन्हा पिवळा. म्हणजे आता निदान रंग निवडायची सोय झाली.

हळद उन्हात विटते, हे बायकोने सांगितलं. गच्चीवर माकडं, म्हणून मी डिस्ट्रॉयर गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला आणि काच लावून टाकली. ऑक्टोबरचं ऊन. संध्याकाळी हळद खरोखर गेली होती. नाकही गेलं होतं. म्हणजे होतं, पण भर सभेत नाव पुकारलेल्या कर्जदारासारखं खाली बघत होतं.

सवयीने फॉर्म भरायला बसलो. घसारा: ५० टक्के. नुकसानीचं कारण या रकान्यापाशी अडलो. पूजेपासून सुरुवात झाली म्हणून ‘ॲक्ट ऑफ गॉड’ लिहिलं. अशा दाव्यांवर मी स्वतः लाल शाईने शेरे मारत आलोय.

पुढच्या आठवड्यात माझ्यासारखेच एक संग्राहक गृहस्थ ताफा बघायला आले. खिशात स्वतःचं भिंग. वाकड्या नाकावरून त्यांनी सभ्यपणे नजर फिरवली आणि ते टाचण्यांपाशी थांबले. बराच वेळ थांबले. पूजेतला एक तांदूळ तिथेच पडून राहिला होता.

“हे लालसर यान कुठलं हो?”

“ती अक्षता आहे.”

“सहा मिलिमीटर,” ते पुटपुटले. “म्हणजे ६० मीटर. कुठल्यातरी भागात असणार.” मग भिंग मसुरावर गेलं. “फाल्कनच्या पुढचे दोन सुळे कुठेत? तुम्ही सर्व्हेअर ना?”

ते गेल्यावर मी आणि मुलगी मसुराचा डबा आणि चिमटा घेऊन जमिनीवर बसलो. एका बाजूला खाच असलेला दाणा हवा होता. एकेक दाणा उजेडात धरायचा, फिरवायचा, ताटात टाकायचा. आई तिथून चालली होती. इतक्या वर्षांनी मुलगा घरकामाला लागलेला बघून ती भारावली, आत गेली आणि तांदळाचं भरलेलं सूप आणून माझ्यापुढे ठेवलं.

“एवढं निवडतच आहात,” ती म्हणाली, “तर हेही करून टाका.”