मा. शंभर टक्के निकालसाहेब यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. श्री. शंभर टक्के निकालसाहेब,
मुक्काम फ्लेक्स, शाळेचे फाटक,
पौड रस्ता, ता. मुळशी, जि. पुणे.

विषय : आपल्या अखंड वास्तव्याबद्दल अभिनंदन आणि एक किरकोळ चौकशी.

महोदय,

सा. न. वि. वि.

मायना जुन्या वळणाचा झाला, हे कबूल. हल्लीच्या दहावीच्या कृतिपत्रिकेत असलं पत्र चालत नाही. आपण खुशाल गुण कापून घ्यावेत. गुण कापायची सवय नसेल तर हरकत नाही. आपल्याकडे मुलं कापायची पद्धत आहे असं ऐकतो, पण त्याकडे पुढे येतो.

चांदणी चौक सोडून भूगाव, भुकूम, पिरंगुट करत पौडाकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना फ्लेक्सच फ्लेक्स. फार्महाऊसचे प्लॉट, सुलभ हप्ते, दादांचा वाढदिवस, भाऊंची निवड, खांद्यावर गदा घेतलेला पैलवान. बोर्डाचा निकाल लागला की या गर्दीत आपण उगवता : ‘शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा कायम!’ वरच्या अर्ध्यात संस्थापक, अध्यक्ष, मार्गदर्शक, आधारस्तंभ आणि ज्यांच्यावाचून तालुक्यात पान हलत नाही असे एकदोन नेते. खालच्या पट्टीत, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकोनांत, पहिले तीन विद्यार्थी. पेपर कोणी लिहिले हे फोटोच्या मापावरून ठरवायचं झालं, तर परका माणूस पेढा थेट अध्यक्षांनाच भरवील.

आपल्या स्वागतासाठी इथली पोरं काय काय करतात, ते फ्लेक्सवर मावत नाही म्हणून कळवतो. नववी संपते न संपते तोच उन्हाळी तास सुरू होतात. जूनमध्ये पाऊस लागतो, आणि ताम्हिणीकडचा पाऊस म्हणजे पत्र्याच्या वर्गात सरांचे फक्त ओठ हलताना दिसावेत असा. जुलैत भाताची आवणी. घरात हात कमी असले की वर्गसमीकरण चार दिवस बांधावर उभं राहतं आणि पोरगं चिखलात. शनिवार-रविवार धबधबे बघायला अख्खं पुणं मोटारीत बसून इकडे लोटतं, त्यामुळे जादा तासाला निघालेली मुलं एसटीतच अडकतात आणि काचेतून पर्यटकांची भजी बघत विज्ञानाच्या व्याख्या घोकतात. दिवाळीपर्यंत पोर्शन संपलेला असतो, निदान सरांचा. जानेवारीत पूर्वपरीक्षा. मग रात्र अभ्यासिका : वळकटी घेऊन मुलं शाळेतच मुक्कामाला, संध्याकाळी घरून डबा, पहाटे शिपाईमामांची घंटा. पाठ्यपुस्तक बालभारतीचं, पण उशाशी असतात ते ‘एकवीस अपेक्षित’ प्रश्नसंच. संत ज्ञानेश्वरांना आपली ओवी कितव्या संचात किती गुणांना येते हे कळलं असतं, तर तेही अचंबित झाले असते.

मधेच वीज जाते. शेजारीच मुळशीचं धरण आहे, त्याच्या पाण्यावर १९२७ पासून वीज तयार होते. पण ते पाणी सह्याद्री उतरून खाली भिऱ्याला जातं आणि तिथली वीज मुंबईकडे. भूगोलाला हा प्रश्न आलाच, तर आमच्या पोरांना पैकीच्या पैकी. पाठांतर लागत नाही, अंधारात बसलं की आठवतं.

मग पहिल्या पेपरला केंद्राच्या दारात गुलाबाचं फूल, आणि फूल घेतलेल्या हातानंच खिसे उलटे करून दाखवणं. बैठं पथक, भरारी पथक, कॉपीमुक्त अभियान. त्यात माझी तक्रार नाही. कॉपी पकडलीच पाहिजे. फक्त एवढंच मनात येतं, की परीक्षेच्या दालनात चिठ्ठी सापडली तर पोराला धरतात, आणि निकालाच्या आकड्यात जी सफाई होते तिच्यासाठी कुठलंच पथक नाही.

आता आपल्या प्रकृतीविषयी. आपण चिरंजीव आहात असा लोकांचा समज आहे, पण मी आपला थोडा पूर्वेतिहास पाहिला. २०१८ मध्ये दहावीचा राज्याचा निकाल होता ८९.४१ टक्के. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले वीस-वीस गुण काढून घेतले, आणि निकाल धाडकन ७७.१० वर आला. सगळ्या महाराष्ट्रात आपण जेमतेम १,७९४ शाळांत दिसलात. केवढा तो हाहाकार! पालकांनी ओरड केली, संपादकांनी अग्रलेख लिहिले, आणि अंतर्गत गुण परत आले. २०२० ला निकाल ९५.३० टक्के, आणि आपला मुक्काम ८,३६० शाळांत. मुळशीच्या काय किंवा मेळघाटाच्या काय, सगळ्या पोरांची बुद्धी एका वर्षात खालावून पुढच्या वर्षी पूर्ववत झाली, याचं शास्त्रीय कारण विज्ञान भाग दोनमध्येही सापडत नाही. तोंडी परीक्षेचं सामर्थ्य मात्र कळलं. एरवी वर्गात तोंड न उघडणारं पोर तोंडीला विसापैकी अठरा मिळवतं, ही मराठी शाळेची किमया आहे.

पण आपला खरा वैभवकाळ २०२१ चा. करोनामुळे त्या वर्षी परीक्षाच झाली नाही. निकाल ९९.९५ टक्के, आणि २२,७६७ पैकी २२,३८४ शाळांत आपण सदेह प्रगट झालात. परीक्षा झाली नाही तेव्हा आपण सर्वांत जास्त ठिकाणी लागलात, यातच आपल्या स्वभावाचा अर्धा उलगडा आहे. उरलेला अर्धा त्या वर्षीच्या सूत्रात आहे. शंभरातले पन्नास गुण नववीच्या निकालावरून धरले होते. दहावीचा निकाल नववीतच लागतो, हे सरकारनं तेवढ्या एका वर्षी उघडपणे कागदावर मान्य केलं. काही शाळा ते दरसाल करतात, फक्त कागद वेगळा असतो.

त्या कागदाचं नाव सतरा नंबरचा फॉर्म.

फॉर्म मुळात चांगला आहे, हे आधी सांगतो. ज्याची शाळा मधेच सुटली, जी पोर लग्न होऊन गेली, जो हॉटेलात कामाला लागला, त्याला बाहेरून दहावीला बसता यावं म्हणून तो काढला. त्यावर कित्येकांचं भलं झालं आहे. पण आपल्या भक्तांच्या हातात तो पडला की त्याचा उपयोग बदलतो. आठवीपर्यंत वर्षानुवर्षं कोणाला मागे ठेवता येत नव्हतं. शिक्षणहक्काचा कायदा आडवा होता. आता पाचवी-आठवीला परीक्षा आली आहे खरी, पण सवय जुनीच. आठवीपर्यंत सगळे पोटात घ्यायचे आणि नववीत सुपात घालून पाखडायचे. जड दाणा दहावीला, हलका बाहेर.

पाखडण्याचा विधीही सभ्य असतो. हेडसर बापाला बोलावून घेतात, खुर्ची देतात, चहा सांगतात.

“पोरगं चांगलंय हो तुमचं, वळण आहे. पण बोर्डाला झेपायचं नाही. इथं नापास झालं तर नाव खराब होईल.”

“कुणाचं, सर?”

“त्याचंच की! त्यापेक्षा दाखला काढा, सतरा नंबर भरू. आम्ही आहोत ना मदतीला.”

“तुम्ही म्हणाल तसं, सर.”

दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण म्हणून लिहिलं जातं : ‘पालकांच्या विनंतीवरून’. महोदय, बाप विनंती करायला आलाच नव्हता. त्याला निरोप धाडून बोलावलं होतं, आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच.

पुढं ते पोरगं घरी. वर्ग नाही, प्रयोगशाळेला हात नाही, रात्र अभ्यासिकेला वळकटी नाही. ज्याला शिकवणीची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच शिकवण्याच्या जागेतून काढायचं, हा उपचार दुसऱ्या कुठल्या धंद्यात चालत असेल असं वाटत नाही. फेब्रुवारीत तेही परीक्षेला बसतं, कदाचित त्याच शाळेच्या केंद्रात, स्वतःच्याच जुन्या बाकावर. पण आता ते ‘खासगी’. २०२५ मध्ये राज्यातल्या नियमित विद्यार्थ्यांचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि खासगींचा सुमारे ८० टक्के. हा दुसरा आकडा वेगळ्या रकान्यात असतो. रकाना वेगळा असला की फ्लेक्सवर येत नाही. पास झालं तरी फोटो नाही, नापास झालं तरी आपल्या अंगाला डाग नाही. आपली प्रकृती ठणठणीत राहण्याचं रहस्य ते हेच.

सर्वच शाळा असं करतात, असं मी म्हणणार नाही. आमच्याच खोऱ्यांत असे गुरुजी आहेत, की कच्च्या पोराला रविवारी घरी बोलावून भूमितीची प्रमेयं गिरवून घेतात आणि पस्तीसवर आणून सोडतात. अशा पस्तिसाला मी आपल्यापेक्षा जास्त मान देतो, रागावू नये. आणि आपल्या भक्तांचीही थोडी कीव येते. निकाल उतरला की संस्था विचारते, खातं विचारतं, गाव तर विचारतंच. आणि ‘निकाल किती?’ एवढं एकच विचारून पालक प्रवेश ठरवतात. २०१७ मध्ये तर शिक्षकांच्या वरिष्ठ वेतनश्रेणीलाच नववी-दहावीच्या निकालाची अट जोडून ठेवली होती. ती पुढं निघाली, धास्ती मात्र राहिली. माणसाच्या पगारवाढीला पोराचा निकाल बांधला, की पोराकडे बघताना माणसाला आकडाच दिसणार. त्यात हिंजवडी-माणपासून बावधनपर्यंत मोठमोठ्या फियांच्या इंग्रजी शाळा उभ्या. त्यांच्यापुढं आमच्या माध्यमिक विद्यालयानं दाखवायचं तरी काय? पोहण्याचा तलाव नाही, घोडेस्वारी नाही. आहात ते आपणच.

एक गोष्ट मात्र आपल्याला या तालुक्यात शोभत नाही. मुळशीची इतिहासातली ओळख कशामुळे आहे, ठाऊक आहे ना? १६ एप्रिल १९२१, रामनवमी. टाटांच्या धरणाच्या कामावर मावळे जाऊन बसले. पुढं सेनापती बापट होते, विनायकराव भुस्कुटे होते. सत्याग्रह तीनेक वर्षं चालला. माणसं तुरुंगात गेली, घरादारांवर पाणी सोडावं लागलं, आणि शेवटी धरण झालंच. खोऱ्यातली गावं बुडाली, आंबेमोहोराची खाचरं बुडाली. आपल्या मोजपट्टीनं निकाल लावायचा तर शंभर टक्के नापास. तरी शंभर वर्षांनंतरही धरणग्रस्तांच्या लढ्यांविषयी कोणी बोलू लागला, की सुरुवात मुळशीपासून करतो. आपण त्या काळी असतात, तर रामनवमीच्या आदल्याच दिवशी बापटांना बोलावून चहा पाजला असता, ‘झेपायचं नाही’ म्हणाला असतात, आणि सतरा नंबर भरून घेऊन आंदोलनाची उज्ज्वल परंपरा राखली असती.

म्हणून चौकशी अशी : आपला आकडा कशाला भागून काढतात? बोर्डाला बसलेले सगळे पास झाले, हे मान्य. पण पोरं बसली किती, आणि बसणार होती किती? पुढच्या फ्लेक्सवर आपल्या नावाखाली दोनच आकडे छापून घ्यावेत. एक, दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधला नववीचा पट. दुसरा, यंदा शाळेतून नियमित म्हणून बोर्डाला बसलेले. जागा लागलीच, तर आधारस्तंभांपैकी एकाला थोडं सरकवावं. दोन्ही आकडे सारखे निघाले, तर मी स्वतः आपल्याला हार घालीन आणि पेढे वाटीन. नाही निघाले, तर निदान ‘उज्ज्वल’ हा शब्द छोट्या टायपात घ्यावा.

कळावे, लोभ आहेच. तो आपल्यावर सगळ्या तालुक्याचा आहे.

आपला,
पौड रस्त्यावरचा एक पालक

ता. क. : हे पत्र निकालसाहेबांना पोचेल न पोचेल, वाचणाऱ्या आईबापांसाठी दोन ओळी. दहावीला एखाददुसरा विषय राहिला, तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, आणि दोन विषयांपर्यंत राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश घेता येतो. म्हणजे नापास झाल्यानं वर्ष जाईलच असं नाही. नववीनंतर दाखला काढल्यानं मात्र शाळा नक्की जाते. तेव्हा खुर्ची मिळाली, चहा आला, तर चहा घ्या. सही करू नका.