अण्णांचं पुस्तक यंदा येतंय

ज्याचं पुस्तक यंदा नक्की येणार असतं, असा एक माणूस गावोगाव असतो. कुठे त्याचा कवितासंग्रह असतो, कुठे आत्मचरित्र. भवानीनगरात आमच्या वाट्याला फोटोवाले अण्णा आलेत. लग्न, बारसं, पासपोर्ट साईज ही त्यांची पोटाची कामं. खरं काम वारीच्या फोटोंचं पुस्तक. "यंदा पालखी गेली की फायनल!" हे ते दर ज्येष्ठात सांगतात. मागची पालखी कधी गेली, हे आपण विचारायचं नाही.

तशी सगळी सामग्री अण्णांच्या दारात आहे. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, मग आमच्यावरून पुढे सणसरचा मुक्काम, दुसऱ्या दिवशी बेलवडीला घोड्याचं गोल रिंगण. तुकोबांची पालखी दोन दिवसांत अर्धं पुस्तक हातात ठेवून जाते. आर्ट पेपर म्हणाल तर त्याची गिरणी भिगवणला. "कागद हितं, वारी हितं, मी हितं," अण्णा म्हणतात. राहिलं काय, तर पुस्तक.

पालखीच्या दिवशी दुकानापुढे टेबल लागतं. वर पांढरी चादर, तिच्यावर अण्णांनी पोटाला चिमटा घेऊन जमवलेली फोटोंची पुस्तकं. हा त्यांचा उत्सव. फ्रान्समधल्या आर्ल गावात १९७० पासून दर उन्हाळ्यात फोटोंचा मोठा सोहळा भरतो आणि तिथे पुस्तकांनाही बक्षिसं देतात, हे कुठेतरी वाचल्यापासून अण्णा त्या गावाला "आपलं आर्ल" म्हणतात. तोही साधारण आषाढातच सुरू होतो, म्हणजे ती त्यांची वारीच, असा हिशेब.

पुस्तक बघायचे नियम कडक. हात धुवायचे, पुसायचे, पान वरच्या कोपऱ्याला धरायचं. थुंकी लावून पान उलटणाऱ्याला अण्णा सोयरा असला तरी उठवतात. संदेश भंडारेंचं 'वारी' उघडलं की आवाज खाली येतो. "हा माणूस चालला बघा त्यांच्यासंगं." उद्धव ठाकऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून टिपलेलं 'पहावा विठ्ठल' दाखवताना मात्र मान जरा तिरकी. "झ्याक हाय. पण वरनं टोपी दिसती, तोंड न्हाई."

एकदा एका म्हाताऱ्या माळकरणीने पानावरच्या विठोबाला हात लावला आणि तो कपाळाला नेला. पानावर बुक्क्याचं बोट उमटलं. आता म्हातारीचं काही खरं नाही, म्हणून आम्ही श्वास धरला. अण्णांनी तिला चहा मागवला. ते पान आता ते सगळ्यांना आधी दाखवतात.

त्यांच्या स्वतःच्या पुस्तकाची डमी म्हणजे जाड रजिस्टरात खळीने चिकटवलेल्या प्रिंटा. "भिंतीवरच्या फोटोला शेजार नसतो, पुस्तकातल्या फोटोला असतो," हे अण्णांचं आवडतं तत्त्व, आणि त्यानंच त्यांचा घात केलाय. डावीकडे कोण, उजवीकडे कोण? वारकऱ्यांना भाकरी वाढणारे एक पाटील डाव्या पानावर होते, पाण्याचा टँकर घेऊन उभे असलेले दुसरे उजव्या. उजेड सारखा, रंग सारखे, जोडी देखणी. पण दोघं कारखान्याच्या निवडणुकीत समोरासमोरच्या पॅनलला. डमी बघायला आलेले डावे पाटील म्हणाले, "अण्णा, पुस्तक मिटलं की आमची तोंडाला तोंडं लागणार व्हय?" मग बांधाच्या भांडणातले भाऊ लांब नेले, सासू-सुनेच्या मध्ये मेंढ्यांचं रिंगण घातलं. काकूंनी आतून बजावलं, "माझ्यासमोर नणंद नको."

कुणाला गाळावं म्हटलं तर अण्णांचा जीव होत नाही. "त्याला काय सांगू? तू हलला व्हतास?" चांगलं पुस्तक गाळण्यातून होतं, हे ते दुसऱ्याच्या पुस्तकाबद्दल तासभर समजावतात.

यंदा गोष्ट पुण्याच्या छापखान्यापर्यंत गेली. डमीची पानं भरली १६५. छापखानेवाला म्हणाला, फर्मा १६ पानांचा. एकतर पाच पानं काढा, १६० होतील, नाहीतर अकरा वाढवा, १७६ करा. कोणताही शहाणा माणूस पाच काढेल. अण्णा एसटीतून उतरले ते वरातीतल्या नवरदेवासारखे. "अकरा जागा निघाल्या!" आणि लगेच कॅमेरा काढून मला म्हणाले, "हाल नकोस. तिथंच थांब. लाईट लय भारी हाय."

मी केसांवरून हात फिरवला, शर्टाची कॉलर नीट केली.

"अण्णा, फोटो काढा की. पण समोरच्या पानावर कोण हाय, ते आधी सांगा."